गुडघा बदलला आणि तीन दिवसांत घरी आलो: आता पुढे काय करायचं?

सांधेबदलाचं ऑपरेशन ठरलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, "किती दिवस ॲडमिट राहावं लागेल?" पुण्या-मुंबईत काय किंवा नाशिक-कोल्हापुरात काय, हल्ली उत्तर मिळतं तीन-चार दिवस. काही ठिकाणी दोनच. ते ऐकून घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि तयारी तिथेच थांबते. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करताना मला हे वारंवार दिसतं. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, एक्स-रे छान असतो, आणि घरी आल्यावर पहिल्याच रात्री आईंना संडासला कसं न्यायचं यावर अख्खं घर अडलेलं असतं.

रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, पण हाड, स्नायू आणि जखम भरून यायला लागणारा वेळ काही कमी झालेला नाही. पूर्वी जे काम नर्स आणि फिजिओ वॉर्डात करायचे, ते आता तुमच्या बेडरूममध्ये होणार आहे. म्हणून हा लेख पेशंटइतकाच घरच्यांसाठी आहे.

मुक्काम कमी का झाला?

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याचा सांधा बदलायची पद्धत रूढ केली, तेव्हा पेशंट कित्येक आठवडे रुग्णालयात असायचा. आपल्याकडेही गुडघा बदलणं ही फार मोठी गोष्ट होती. २००० साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचं गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झालं आणि या ऑपरेशनचं नाव घरोघरी पोचलं. त्याच सुमारास डेन्मार्कमधले सर्जन हेन्रिक केलेट यांनी मांडलेला विचार जगभर पसरत होता: पेशंटला आधीपासून तयार करा, वेदना वेगवेगळ्या मार्गांनी आटोक्यात ठेवा, लवकर खायला द्या आणि लवकर उठवून चालवा.

हा बदल चांगलाच आहे. लवकर चालल्याने पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका घटतो, छातीत कफ साठत नाही, अंगातली ताकद टिकते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी घरी सोडतात म्हणून घाबरू नका. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. ऑपरेशनच्या वेळी पाठीत भूल देतात, शिवाय मांडीतली नस बधिर करणारं आणि सांध्याभोवती इंजेक्शन देतात. त्याचा असर साधारण पहिला दिवस, कधी दीड दिवस टिकतो. त्या काळात पेशंट हसतमुख असतो आणि "काहीच दुखत नाही" म्हणत चालतो. मग असर उतरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढतं आणि सूज पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते. म्हणजे सगळ्यात अवघड दिवस नेमके घरी येतात. हे आधी माहीत नसलं की घरच्यांना वाटतं, ऑपरेशन बिघडलं.

पहिली पायरी: ऑपरेशनच्या महिनाभर आधी

साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन हे डॉक्टर तपासतीलच. पण काही गोष्टी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, त्या तुम्ही आपणहून सांगा. किडलेला दात, लघवीला जळजळ, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या, खोल भेगा पडलेल्या टाचा. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग असला तर तो नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. आई किंवा आजी मिश्री लावत असतील तर तेही न लाजता सांगा, कारण तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो. वैद्यांचे काढे, गावाकडच्या सांधेदुखीच्या पुड्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं एका कागदावर लिहून न्या.

आणि व्यायाम आत्ताच शिका. ऑपरेशननंतर करायचे व्यायाम आधी शिकलेला पेशंट दुखण्यातही ते करू शकतो. वॉकरही आधीच आणून घरातल्या घरात चार दिवस चालून बघा. वॉकर, कमोड-खुर्ची, काठी विकत घ्यायलाच हवं असं नाही. अनेक शहरांत ट्रस्ट आणि मंडळं रुग्णोपयोगी साहित्य अनामत रकमेवर देतात. वॉकरची उंची मात्र बघून घ्या. सरळ उभं राहून हात खाली सोडला की वॉकरची मूठ मनगटाशी यायला हवी.

दुसरी पायरी: घर तयार करणं

एकदा पेशंटच्या नजरेने घरातून फिरा.

पलंग आणि खुर्चीची उंची आधी मोजा. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर यायला नकोत. जमिनीवरची गादी चालणार नाही आणि ज्यात माणूस रुतून बसतो तो मऊ सोफाही नाही. दोन्ही बाजूंना हात असलेली, न हलणारी, ताठ खुर्ची सगळ्यात चांगली. चाकं असलेली ऑफिसची खुर्ची अजिबात नको.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायची कमोड-खुर्ची लागेल. पाश्चात्त्य कमोड असेल तरी तो बहुधा बुटका पडतो. वर बसवायची उंच सीट मिळते, ती घ्या. भिंतीला पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेल अडकवायच्या दांडीवर माणसाचं वजन पेलत नाही, आणि घाईत हात नेमका तिकडेच जातो. आंघोळीला रबरी बुडाचं उंच स्टूल लागेल.

पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी उचलून ठेवा. घरात उंबरठा असेल तर त्यावर रंगीत पट्टी चिकटवा आणि वॉकर आधी पलीकडे ठेवून मग पाय टाकायचा सराव करा. लादी पुसल्यावर वाळेपर्यंत पेशंटने उठायचं नाही, हे कामवाल्या ताईंनाही सांगून ठेवा. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा हवा. मी पाहिलेली बरीचशी पडझड पहाटे, झोपेत, लघवीच्या घाईत झालेली आहे.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला असेल तरी अडत नाही, कारण रुग्णालयातून निघण्याआधी जिना शिकवतात. पण वर गेल्यावर टाके काढेपर्यंत खाली यायचं नाही असं ठरवून टाका. ड्रेसिंग, रक्ततपासणी, फिजिओ सगळं घरी यायला हवं, त्याची सोय आधी लावा.

तिसरी पायरी: माणसं आणि पैसे

मुलगा बंगळूरला, मुलगी अमेरिकेत, असं आता बऱ्याच घरांत असतं. मुलं ऑपरेशनच्या दिवशी येतात, रुग्णालयात चार दिवस बसतात आणि डिस्चार्जनंतर दुसऱ्या दिवशी परत जातात. माझी कळकळीची विनंती आहे, रजा उलट्या बाजूने लावा. रुग्णालयात नर्स आहेत. तुमची खरी गरज घरी आल्यावरचे पहिले दहा दिवस आहे, त्यातही रात्री. बाबांचं ऑपरेशन असेल तर आईनेच त्यांना उचलायचं असं गृहीत धरू नका, तिचेही गुडघे साठ-सत्तर वर्षांचे आहेत. ब्युरोकडून मावशी किंवा वॉर्डबॉय ठेवणार असाल तर ऑपरेशनआधीच बोलून ठेवा. डिस्चार्जच्या संध्याकाळी फोन केला तर कुणी मिळत नाही, दिवाळीत तर नाहीच.

फिजिओ ठरवताना महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. नोंदणीकृत माणूस या प्रश्नाने दुखावला जात नाही. 'मालीशवाले फिजिओ' मात्र टाळा. पोटरीत गुठळी झालेली असेल आणि कुणी ती जोरात चोळली, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पैशांचं बोलायचं तर ऑगस्ट २०१७ पासून केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या आहेत. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा. मेडिक्लेममध्ये सांधेबदलासाठी बहुधा काही वर्षांची प्रतीक्षा असते, ती संपली आहे का ते आधी पाहा. घरच्या फिजिओचे पैसे मिळतील की नाही हे पॉलिसीच्या 'डिस्चार्जनंतरचा खर्च' या कलमावर ठरतं. तिथे किती दिवस लिहिलेत ते वाचा, आणि फिजिओथेरपीची गरज सर्जनकडून लेखी घ्या. तो कागद नसला की दावा अडतो. सरकारी योजनेतून करणार असाल तर योजनेशी संलग्न रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रांना भेटा आणि आपलं ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेखाली होतं का, ते आधीच विचारा.

चौथी पायरी: डिस्चार्जच्या दिवशी

"घरी जायचंय" या आनंदात कागद हातात घेऊन निघू नका. पेशंट आधाराने पलंगावरून उठतो का? वॉकर घेऊन संडासपर्यंत जाऊन येतो का? घरी जिना असेल तर जिना चढून दाखवला का? इंजेक्शन न घेता फक्त गोळ्यांवर दुखणं सोसतंय का? लघवी नीट होते का, जखम कोरडी आहे का? यातलं एखादं उत्तर 'नाही' असेल तर एक दिवस आणखी ठेवा म्हणायला संकोच करू नका. दिवस ठरलेले असतात ते सरासरी पेशंटसाठी. दोन्ही गुडघे एकदम बदलले असतील तर भरवशाचा एकही पाय उरत नाही, अशांना जास्त दिवस लागणं स्वाभाविक आहे.

निघताना या गोष्टी लिहून घ्या: गुठळी न होण्याची गोळी किंवा इंजेक्शन किती दिवस, टाके कधी काढायचे (बहुतेकांचे १२ ते १४ दिवसांनी), ड्रेसिंग भिजलं तर काय करायचं, आणि रात्री अडचण आली तर फोन नेमका कुणाला करायचा.

घरी न्यायला रिक्षा नको. गाडीची पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ थोडी कलती करा. पेशंटने गाडीकडे पाठ करून आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे.

पाचवी पायरी: घरी पहिला आठवडा

दुखण्याच्या गोळ्या दुखू लागल्यावर घ्यायच्या नसतात, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायच्या असतात. आपल्याकडे, विशेषतः आई-आजीच्या पिढीत, गोळी न घेता सोसण्याचा अभिमान असतो. या ऑपरेशनात तो महागात पडतो, कारण दुखतं म्हणून व्यायाम होत नाही आणि व्यायाम नाही म्हणून गुडघा आखडतो. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी येईल असं वेळापत्रक लावा. या गोळ्यांनी पोट बांधून येतं, तेव्हा पाणी, ताक, फळं आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल सुरू ठेवा. सोबत डाळी, अंडी, दूध, पनीर यांतलं जे चालत असेल ते भरपूर द्या. जखम भरायला प्रथिनं लागतात, साबुदाण्याच्या खिचडीवर आठवडा काढू नका.

सुजेला बर्फ. कपड्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. गोठवलेल्या मटारची पिशवी गुडघ्यावर छान बसते. गरम शेक, हळद-चुना, लेप, तेल यातलं काहीही जखमेच्या आसपास नको, मग शेजारच्या काकूंना त्याचा कितीही गुण आलेला असो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावर मला सगळ्यात जास्त भर द्यायचा आहे. नव्या पेशंटच्या घरी गेलो की दहापैकी सात-आठ ठिकाणी मला गुडघ्याखाली उशी दिसते. प्रेमाने ठेवलेली असते, पेशंटला बरंही वाटत असतं. ती काढा. गुडघा किंचित वाकलेला ठेवला की सूज सुसह्य होते, म्हणून शरीराला ती स्थिती आवडते. पण आठवडाभर तसाच राहिला तर मागचे स्नायू आणि आवरण तिथेच आखडतात आणि पाय पूर्ण सरळ होत नाही. सरळ न होणाऱ्या पायाने आयुष्यभर लंगडावं लागतं. सगळ्यांचं लक्ष 'किती वाकतो' याकडे असतं, सरळ होण्याकडे नसतं.

त्यासाठी हे करा. पलंगावर पाय सरळ ठेवून बसा किंवा पडा. एका टॉवेलची जाड गुंडाळी करून ती टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नाही. पोटरी आणि गुडघा अधांतरी राहायला हवेत. आता पायाचं पाऊल स्वतःकडे ओढा आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा खाली पलंगाकडे दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. मध्ये काहीच न करता नुसती टाच गुंडाळीवर ठेवून पाच-दहा मिनिटं पडून राहणं हाही व्यायामच आहे. मांडीच्या मागे ताण जाणवतो, दुखतं. हे दुखणं कामाचं आहे. घरच्यांनी एक तपासणी रोज करावी: गुंडाळी काढून पाय पलंगावर सरळ ठेवल्यावर गुडघ्यामागे तळहात सरकतो का? ती फट दिवसागणिक कमी व्हायला हवी.

बाकीचे व्यायाम तुलनेने सोपे. जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली हलवणं, त्याने पोटरीतलं रक्त वाहतं राहतं. टाच पलंगावर घासत मागे आणून गुडघा वाकवणं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, हे पहिल्या दिवसांत जमत नाही, घाबरू नका. आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं चालणं. एकदम सोसायटीचा फेरा मारून आलात तर संध्याकाळी गुडघा फुगेल.

दोन आठवड्यांत ९० अंशांपर्यंत वाकायला लागला तर गाडी रुळावर आहे. जिन्याला साधारण तेवढं लागतं, खुर्चीतून उठायला त्याहून थोडं जास्त.

जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मदतीला येणाऱ्या माणसाने नेहमी पेशंटच्या खालच्या पायरीवर राहायचं.

हे दिसलं तर थांबू नका

पोटरी अचानक सुजून दुखणं, दाबल्यावर कळ येणं. ताप आणि थंडी. जखमेतून पाणी किंवा पू, लाली पसरत जाणं. बरं होत असलेलं दुखणं एकाएकी वाढणं. पाऊल गार पडणं किंवा उचलताच न येणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या सर्जनला कळवा. जवळच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका, त्याने खोलवरचा संसर्ग झाकला जातो आणि निदान लांबतं. दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं असं झालं तर फोनाफोनीत वेळ न घालवता १०८ ला फोन करून जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

याउलट काही गोष्टींनी लोक उगाच धास्तावतात. मांडीपासून पोटरीपर्यंत काळंनिळं पडणं, गुडघा स्पर्शाला गरम लागणं (हे महिनोन्महिने राहू शकतं), व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं, चालताना टक्-टक् आवाज येणं, रात्री झोप न लागणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रडू येणं, "कशाला केलं हे ऑपरेशन" असं वाटणं हेही फार जणांना होतं. अशा वेळी पेशंटला शेजारच्या कुणाचा गुडघा किती लवकर बरा झाला ते ऐकवू नका.

खुब्याचा सांधा बदलला असेल तर

चालणं सोपं जातं, पण सांधा निखळू नये म्हणून पहिले सहा ते बारा आठवडे बंधनं असतात. खाली वाकून पडलेली वस्तू उचलायची नाही, बुटक्या आसनावर बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कुशीवर झोपताना पायांत उशी ठेवायची. बंधनं नेमकी कोणती हे ऑपरेशन पुढून केलं की मागून, यावर ठरतं, म्हणून सर्जनला विचारा.

घरी जाणं नको, केंद्रात राहायचं कुणी?

एकटे राहणारे, दोन्ही गुडघे एकदम केलेले, पार्किन्सन किंवा अर्धांगवायू असलेले, किंवा ज्यांच्या घरात संडास बाहेर अंगणापलीकडे आहे अशांनी दोन-तीन आठवडे पुनर्वसन केंद्रात राहण्याचा विचार जरूर करावा. मोठ्या शहरांत अशी केंद्रं आहेत, लहान गावांत जवळपास नाहीत. तिथे तालुक्याच्या ठिकाणी नातेवाइकांकडे राहून रोज फिजिओकडे जाणं हा जास्त खरा पर्याय आहे. बाकीच्यांचं पुनर्वसन घरी उत्तम होतं, फक्त फिजिओ दिवसाला पाऊण तास येतो आणि उरलेले तास तुमचे असतात.

सहा आठवड्यांनंतर

वॉकरवरून काठीवर कधी यायचं हे फिजिओ ठरवेल. काठी ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, बहुतेक जण उलट धरतात. गाडी चालवणं साधारण चार ते सहा आठवड्यांनी, ब्रेक जोरात दाबता येतो याची खात्री झाल्यावर आणि गुंगीच्या गोळ्या बंद झाल्यावर. बैठं काम सहा आठवड्यांत, शेतातलं किंवा उभ्याचं काम तीन महिन्यांत सुरू करता येतं. सहा आठवडे उलटूनही गुडघा ९० अंश वाकत नसेल तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नका. भूल देऊन गुडघा मोकळा करता येतो, पण त्यालाही वेळेची मर्यादा असते.

मांडी घालून बसणं, पाटावर जेवणं, उकिडवं बसून भाजी निवडणं याबद्दल प्रत्येक घरात प्रश्न येतो. काहींना मांडी जमते, तरी नव्या सांध्याची झीज लक्षात घेता रोजची सवय नको. पूजा खुर्चीवर बसून करता यावी म्हणून देवघर उंचावर घ्या, पारायणाला स्टूल न्या.

आणि एक फाइल करा. त्यात डिस्चार्जचा कागद, ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे एक्स-रे, आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर ठेवा. त्यावर कंपनी, आकार आणि क्रमांक असतो. १५-२० वर्षांनी सांधा पुन्हा बदलायची वेळ आली तर नव्या सर्जनला पहिल्यांदा तेच लागतं. सांधा बदलल्याचं सर्जनने दिलेलं कार्डही त्यातच असू द्या, विमानतळावरचं यंत्र वाजलं की ते दाखवता येतं. दात काढायचा असेल किंवा लघवीचा संसर्ग झाला असेल तर त्या डॉक्टरांना सांधा बदलल्याचं आधी सांगा.

फाइलच्या आतल्या बाजूला पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून ठेवा: सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष. काही त्रास नसला तरी वर्षाची तपासणी चुकवू नका.